क्वालिसचं नाक

क्वालिस आठवते का? ज्यांनी २००५ च्या आधी आयटीत नाहीतर कॉल सेंटरमध्ये नोकरी धरली त्यांना आठवणारच. रात्री अडीचला सोसायटीच्या गेटवर हॉर्न वाजायचा, आत आधीच पाच जण माना टाकून झोपलेले असायचे, सहावे आपण. जे तेव्हा शाळेत होते त्यांच्यासाठी सांगतो: टोयोटाची भारतातली पहिली गाडी. २००० साली आली आणि २००५ मध्ये इनोव्हाला जागा देऊन गेली. मूळची इंडोनेशियातली ‘किजांग’. किजांग म्हणजे तिकडच्या भाषेत भेकर. दिसायला ती भेकरापेक्षा पावाच्या लादीच्या जास्त जवळची, पण असो.

आमच्या काकांकडे अजून एक आहे, २००४ ची. काका पालीला राहतात, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या, बल्लाळेश्वराच्या पालीला. खरं तर पालीपासून सहा-सात किलोमीटर आत. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी पेणच्या आरटीओत करून झाली, ती संपल्यावर पुढच्या पाच वर्षांची पण करून झाली. गावातले लोक विचारतात, "मास्तर, अजून विकली नाय?" काका म्हणतात, "विकून घेऊ काय?" हा प्रश्न ऐकायला फटकळ वाटतो, पण त्याला नीट उत्तर नाहीये. ते पुढे येईलच.

तर मुद्दा असा, की या क्वालिसचं नाक खाली आलं होतं. वीस वर्षांत पुढची बाजू हळूहळू बसली. त्यात आधीच्या मालकाने माल वाहायला म्हणून मागे एक जास्तीचा पाटा टाकून घेतलेला. म्हणजे मागून उंच, पुढून खाली, चरायला वाकलेल्या म्हशीसारखी. उजवी बाजू डावीपेक्षा अजून थोडी खाली, कारण वीस वर्षं ड्रायव्हर नेहमी तिथेच बसला.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "पुढून दोन इंच उचलायचीय. मिस्त्री म्हणतो खाली एक बोल्ट आहे, तो पिळला की उचलते. तू इंजिनीअर ना, जरा वाचून ठेव."

"काका, मी सॉफ्टवेअरवाला."

"मग सॉफ्टपणे वाच."

वाचलं. आणि वाचता वाचता त्या बोल्टच्या प्रेमात पडलो.

आपल्या नेहमीच्या गाड्यांत पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग असते, वेटोळ्याची. तिची उंची बदलायची तर स्प्रिंग काढावी लागते. क्वालिसला पुढे स्प्रिंग दिसतच नाही. तिथे टॉर्शन बार आहे, म्हणजे पोलादाचा एक सरळ दांडा, गाडीच्या लांबीच्या दिशेने, प्रत्येक बाजूला एक. त्याचं पुढचं टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं, मागचं टोक चेसिसला पकडलेलं. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि पीळ सोडायला बघतो. एवढंच. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये याचं पेटंट मागितलं, १९३४ ची सिट्रोएन याच्यावर चालली. आणि आपल्याला हे परकंही नाही, ॲम्बॅसिडरला पुढे टॉर्शन बारच होते. २०१४ मध्ये ती बंद पडेपर्यंत आपण अर्धा देश या दांड्यांवर बसवून फिरवला. नंतर अष्टविनायकाच्या ट्रिपा मारणाऱ्या टवेरा, त्याही टॉर्शन बारवाल्याच.

कळायला सोपं करून सांगतो. घरी चादर पिळताना दोघं लागतात. एक जण आपलं टोक घट्ट धरून उभा राहतो, दुसरा पिळतो. पिळणारा म्हणजे चाक. धरून उभा राहिलेला म्हणजे चेसिस. आता धरणाऱ्याने मनगटं थोडी फिरवली तर काय होईल? पिळणाऱ्याने जोर तेवढाच ठेवला, तर चादरीतला पीळ तेवढाच राहील, फक्त पिळणाऱ्याचे हातही तेवढेच फिरतील. तो बोल्ट हे करतो. धरणाऱ्याची मनगटं फिरवतो.

इथे बहुतेक लोक फसतात. ‘टॉर्शन टाइट केला’ असा शब्दच आहे गॅरेजमध्ये, आणि शब्दामुळे वाटतं की स्प्रिंग कडक झाली. होत नाही. चाकावरचं वजन तेच, दांडा तोच, मग त्याचा पीळही तेवढाच. बदलते फक्त आर्मची स्थिती. आपल्या भाषेत सांगायचं तर शाळेतलं वाय = एमएक्स + सी घ्या. बोल्ट ‘सी’ बदलतो. ‘एम’ दांड्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो, आणि त्याला बोल्ट हातसुद्धा लावू शकत नाही. एम बदलायचा तर दांडा बदला. जाडीचा चौथा घात लागतो तिथे: दांडा दहा टक्के जाड घेतला तर कडकपणा सेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. मला हा आकडा कळल्यावर मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. आपण सर्व्हरची मेमरी दुप्पट करून दहा टक्के मिळवणारे लोक!

मग टाइट केल्यावर गाडी कडक का वाटते? कारण वेगळं आहे. आर्मला वर आणि खाली, दोन्हीकडे हद्द असते आणि दोन्ही हद्दींवर रबर असतं. गाडी नीट असेल तर आर्म मधे कुठेतरी असतो, खड्ड्यात खाली जायला जागा, उंचवट्यावर वर जायला जागा. बोल्ट पिळून नाक उचललं, की चाक गाडीच्या मानाने खाली जातं, म्हणजे खालच्या हद्दीजवळ. मग स्पीडब्रेकरवरून उतरताना चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि धाड! माझ्या एका मित्राने पुण्यात आपली टवेरा अशीच ‘हाय’ करून घेतली होती. गॅरेजवाल्याने बोल्ट पिळता येईल तितका पिळला. दिसायला एकदम झकास, पण आत बसणाऱ्याचे दात वाजायचे. आणि आर्म उभ्या गाडीतच खालच्या रबरावर टेकला असेल, तर मात्र गाडी खरोखरच दगड होते, कारण मग पहिला थोडा जोर नुसता ती टेकणी सोडवण्यात जातो.

हे सगळं मी शनिवारी सकाळी काकांच्या ओट्यावर, चहाच्या कपाशी, मोठ्या उत्साहाने सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मला दोन इंच पाहिजे."

काकांना दोन इंच का हवेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

गेल्या आषाढात आजी पडली. रात्री, न्हाणीघराच्या उंबऱ्यात. खुब्याचं हाड मोडलं. धो धो पाऊस, गावात अँब्युलन्स यायला किती वेळ लागेल याची खात्री नाही, म्हणून मधल्या सीटवर गादी टाकून तिला क्वालिसमधूनच काढलं. पुढे काका, मागे काकू आणि शेजारचे दोघं तिला धरून. आमच्या गावातून पालीच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन मोऱ्या आहेत. दोन्हींच्या उताराला रस्ता खचलेला, आणि दोन्ही ठिकाणी क्वालिसचं पुढचं गार्ड खाली घासलं. घासलं एवढंच नाही, प्रत्येक खड्ड्याला पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा दणका बसत होता, आणि प्रत्येक दणक्याला आजी ओरडत होती. काकू सांगते की वाकणला हायवेला लागेपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. पनवेलला पोचल्यावर खुबा बदलला. आजी आता शहाऐंशीची आहे आणि घरात काठीवर चालते.

म्हणजे काकांना उंची हवी होती ती त्या दोन मोऱ्यांसाठी.

पण उंचीला दुसरी बाजूही होती, आणि ती आजीच. खुबा बदलल्यावर फिजिओथेरपिस्टने बजावून सांगितलेलं: खूप खाली बसायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. गाडीत बसताना आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आता हे माझ्या हॅचबॅकमध्ये करून बघा. सीट इतकी खाली, की माणूस विहिरीत उतरल्यासारखा बसतो. आणि शेजारच्यांच्या नव्या एसयूव्हीत? ती इतकी उंच, की पाठ करून टेकताच येत नाही, चढावंच लागतं. क्वालिसची पुढची सीट आजीला बरोब्बर लागते. पाठ केली, टेकली, बसली. "विकून घेऊ काय?" याचं हे कारण. संकष्टीला देवळात जायचं, महिन्याला तपासायला जायचं, ते या सीटमुळे जमतं. ती सीट दोन इंच वर गेली तर?

आजी हे सगळं ओट्यावरून ऐकत होती. म्हणाली, "मला विचारा की कोणीतरी. मी काय सामान आहे?"

विचारलं. टेपने मोजलं. सीटची कड जमिनीपासून अडुसष्ट सेंटिमीटर. मग आजीला ओट्यावर, खाली पाट ठेवून, पाटाशिवाय, जाडी पोथी ठेवून (पोथी उशीखाली, पायाखाली नव्हे, काकू ओरडली असती) असं करत करत काढलं की साधारण दीड सेंटिमीटर जास्त चालेल. त्याच्या वर तिला टाचा उचलाव्या लागतात. टाचा उचललेल्या माणसाला पाठ करून बसवायचं नाही, एवढं तर कोणालाही कळतं.

दीड सेंटिमीटर. आणि काकांना हवे होते पाच.

इथे काकांनी पाटी हातात घेतली. म्हणजे खरोखर पाटी नाही, माझ्या ऑफिसच्या नोटपॅडचं मागचं पान. "अरे," म्हणाले, "पुढून उचलतोय आपण. मागची चाकं जागेवरच राहणार. मग सगळी गाडी सारखी कशी उचलेल?" त्यांनी एक आडवी रेघ काढली, मागच्या चाकापाशी टिंब, पुढच्या चाकापाशी टिंब, मधे आजी. नववीतले समरूप त्रिकोण! पुढच्या चाकापाशी जेवढं उचललं तेवढं सीटपाशी उचललं जात नाही. सीट मधे आहे, आम्ही मोजलं तर मागच्या एक्सलपासून चाकांतल्या अंतराच्या साधारण साठ टक्क्यांवर. म्हणजे चाकापाशी पंचवीस मिलिमीटर उचललं तर आजी पंधरा उचलते. आणि गार्ड पुढच्या चाकाच्याही पुढे, ते पंचवीसपेक्षा थोडं जास्तच. मला लाज वाटावी अशी गोष्ट, मी आठवडाभर वाचत होतो आणि हे कुठेच डोक्यात आलं नव्हतं असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर मला भारी वाटलं. काका अजून फॉर्मात आहेत. :)

मग गाडी घेऊन पालीला मिस्त्रीकडे. गॅरेज अगदी रस्त्याला लागून, मान वर केली की सरसगड. सरसगडाला पगडीचा किल्ला म्हणतात, आणि त्या बाजूने बघितला की खरंच कोणीतरी पगडी काढून ठेवल्यासारखा दिसतो. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. काकांचा विद्यार्थी निघाला, त्यामुळे सगळा वेळ "सर, सर."

त्याने बोल्टला हात लावलाच नाही आधी. गाडी जॅकवर घेतली, चाकं लोंबकळू दिली, आणि पहारीने आर्म हलवून बुश बघितले, बॉल जॉइंट बघितले. "बुश खाल्लेले असले आणि वरनं बोल्ट पिळला, तर रोग लपवला सर." बुश ठीक होते. मग बॅटरी मारून वर बघितलं आणि हसला. मला बोलावलं. वरच्या हद्दीवरचं रबर उजव्या बाजूला होतंच कुठे! नुसती जागा होती, आणि लोखंडावर आपटल्याची चकचकीत खूण. डावीकडे अंगठ्याएवढा तुकडा शिल्लक.

म्हणजे आषाढातल्या त्या रात्री जे ऐकू येत होतं ते हे. नाक बसलेलं, म्हणून आर्म आधीच वरच्या हद्दीजवळ. त्यात माणसं भरलेली. प्रत्येक खड्ड्याला आर्म वर जाऊन थेट चेसिसला धडकत होता. गार्ड घासलं ते दोनच ठिकाणी, पण दणके बसले ते सगळ्या रस्त्याला. काका त्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे उंचीचा प्रश्न नव्हताच."

"थोडा होता सर," मिस्त्री म्हणाला.

पुढचं काम शांतपणे झालं. टायरमध्ये हवा सारखी केली. मोजमाप जमिनीपासून घेतलं नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं, म्हणजे टायर कमीजास्त असला तरी फरक पडत नाही. डावीकडे ४३.५ सेंटिमीटर, उजवीकडे ४२.३. नवी रबरं बसवली, त्यांची किंमत ऐकून मी दुसऱ्यांदा विचारलं, इतकी कमी. मग चाकं लोंबकळत असतानाच लॉकनट सैल करून बोल्ट. बोल्टवर गाडीचं वजन असताना पिळायचा नसतो, आटे जातात. खडूने खूण करून फेरे मोजायचे. गाडी खाली घ्यायची, चार हात पुढे, चार हात मागे ढकलायची, कारण नुसती खाली घेतली तर टायर जमिनीला धरून बसतात आणि गाडी खोटी उंच दिसते. मग मोजायचं. आमच्या गाडीत एक फेरा म्हणजे साधारण पाच-सहा मिलिमीटर निघाले. उजवी उचलली की डावीही किंचित हलते, चेसिस एकच ना. एक बग काढला की दुसरीकडे काहीतरी बदलतं, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. तीन वेळा वरखाली केल्यावर ४५.५ आणि ४५.३ वर थांबलो.

काकांनी एकदा विचारलंच, "अजून एक फेरा?" मिस्त्रीने चाक लोंबकळवून दाखवलं. खालच्या रबरापर्यंत जेवढी जागा, वरच्या रबरापर्यंत साधारण तेवढीच. "सर, आता मधी आहे. अजून पिळला तर वरनं आपटायची ती खालनं आपटेल."

आता जे ही गोष्ट वाचून आपापल्या जुन्या गाड्यांखाली शिरतील त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी, कारण या कोणी सांगत नाही. एक, नाक उचललं की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट लगेच करून घ्यायची, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातात. आम्ही सोमवारी पेणला करून घेतली. दुसरं, हेडलाइटही वर बघायला लागतात, ते भिंतीवर प्रकाश पाडून खाली आणायचे. समोरून येणाऱ्याचे डोळे हेही कोणाचे तरी डोळे असतात. तिसरं, मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा डबा बोल्ट पिळून, पाटे वाढवून, कशानेही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, कारण एक्सल टायरवर उभा असतो, स्प्रिंगवर नाही. आणि आम्ही गाडी कंपनीच्या मूळ उंचीच्या जवळ परत आणली, वर नेली नाही. वर नेणं हा वेगळा मामला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायची नाही.

मागचा जास्तीचा पाटाही काढावा असं माझं मत होतं. काका म्हणाले, दिवाळीत भात गिरणीत न्यायचाय, नंतर बघू. मी वाद घातला नाही.

संध्याकाळी परत येताना दोन्ही मोऱ्यांवर काकांनी मुद्दाम गाडी हळू घातली आणि खिडकीची काच खाली केली. पहिल्या मोरीला काही नाही. दुसऱ्या मोरीला गार्ड अगदी निसटतं लागलं, पत्र्यावर नख ओढल्यासारखं. दणका मात्र नाही.

घरी आल्या आल्या आजीची चाचणी. काठी काकूकडे दिली, पाठ केली, टेकली. टाचा जमिनीवर. दोन्ही पाय आत. सीटची कड मोजली तर ६९.८, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त. काका पुन्हा वही काढणार होते, तर आजी आतूनच म्हणाली, "आता बसलेच आहे तर उन्हेऱ्याला न्या. कुंडात पाय तरी बुडवते."

अंधार पडत आला होता. काकांनी किल्ली फिरवली.